समुपदेशनाला येण्याआधी: मनाबद्दल आणि करिअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर, फोनवर आणि कधीकधी जिन्यात गाठून लोक जे विचारतात, त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे उतरवले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. उत्तरं माझी आहेत, दुसरा समुपदेशक काही ठिकाणी वेगळं सांगेल. आत्ता या क्षणी जीव नकोसा झाला असेल तर बाकी सगळं सोडून प्रश्न १४ वाचा.

१. तुम्ही डॉक्टर आहात का? पाटीवर तसं दिसत नाही.

नाही. मी समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम.ए. केलं, मग समुपदेशनाचा पूर्णवेळ डिप्लोमा, आणि त्यानंतर दोन वर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम. गोळ्या लिहून द्यायचा अधिकार मला नाही. तो मानसोपचारतज्ज्ञांचा, ते आधी एमबीबीएस करतात आणि मग मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतात. तिसरे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.

समुपदेशकाची पाटी लावायला आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणाचीच परवानगी लागत नव्हती. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांनाही यादीत घेतलं, पण पाटीवरून माणूस ओळखता येईल असे दिवस अजून आलेले नाहीत. म्हणून कुणाकडेही जा, मलाही विचारा: शिक्षण काय, कुठे शिकलात, अडलं तर कुणाला विचारता? तिसऱ्या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका.

२. बँकेतली पक्की नोकरी सोडून यात कशा आलात?

मी कराडची. दहावीला मार्क बरे पडले म्हणून सायन्स, सायन्स घेतलं म्हणून बी.एस्सी., बी.एस्सी.चं पुढे काय करायचं ते कळेना म्हणून बँकेची परीक्षा. अकरा वर्षं बँकेत होते, शेवटची तीन शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. समोर बाप आणि मुलगा बसलेले. मी मुलाला विचारायचे, "कुठली ब्रँच घेतलीस?" उत्तर बाप द्यायचा. मुलगा सही करायच्या आधी एकदा वडिलांकडे बघायचा, मग कागदाकडे. ते बघणं मला ओळखीचं होतं.

त्याच सुमारास माझी बदली झाली आणि झोप उडाली. रात्री अडीचला उठून कॅशचे आकडे मनात जुळवत बसायचे. एका समुपदेशक बाईंकडे नऊ वेळा गेले. मला बँक नावडती नव्हती, चुकण्याची भीती नको होती, हे तिथे कळलं. मग नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. केलं आणि दोन वर्षांनी राजीनामा दिला. घरात दुसरा पगार होता म्हणून हे जमलं. ही गोष्ट लपवून "आवडीसाठी सगळं सोडलं" असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

३. मनाचे प्रश्न आणि करिअर, दोन्ही एकाच ठिकाणी कसं?

कारण येणारा माणूस ते वेगळे करून आणत नाही. एक २६ वर्षांचा मुलगा विचारायला आला: डिझाइनचा कोर्स करू की एमबीए? मी विचारलं, रात्री कधी झोपतोस? म्हणाला, चार वाजता. मेसमध्ये दोन वेळा जेवतोस का? एकदाच, तेही डबा उघडून परत बंद. बहिणीचा फोन घेणं त्याने महिनाभर थांबवलं होतं. त्या अवस्थेत त्याच्यापुढे जगातला सर्वोत्तम कोर्स ठेवला असता तरी तो "काय फरक पडतो" म्हणाला असता. कोर्सची गोष्ट आम्ही आठ आठवडे बाजूला ठेवली.

उलटंही होतं. एक ताई "छातीत धडधडतं" म्हणून आल्या. ईसीजी स्वच्छ. धडधड फक्त रविवारी संध्याकाळी व्हायची, कारण सोमवारी दहाला सेल्सचा रिव्ह्यू असायचा. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवून भागलं नाही. कामाचं काय करायचं ते बोलावंच लागलं.

माझा एक नियम आहे, पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो येईल: मन तळाला गेलेलं असताना आयुष्याचा मोठा निर्णय घ्यायचा नाही. आधी झोप, जेवण, अंघोळ, दोन माणसांशी बोलणं. मग निर्णय. याला अपवाद आहे, तो प्रश्न ९ मध्ये.

४. पहिल्या भेटीत काय होतं? काय तयारी करून येऊ?

काही नको. ५० मिनिटं असतात. पहिली दहा बहुतेक वेळा पुण्यातलं ट्रॅफिक आणि दोन मजले जिना यांत जातात. लिफ्ट नाही, आधीच सांगते. मग झोप, भूक, व्यसन, औषधं, घरात कोण कोण, आधी कधी असं झालं होतं का, हे विचारते. दोन छोट्या प्रश्नावल्या देते. एक नऊ प्रश्नांची उदासीसाठी, गुण ० ते २७. दुसरी सात प्रश्नांची चिंतेसाठी, गुण ० ते २१. त्यांच्यावरून निदान होत नाही, तापमापकासारखा अंदाज येतो. सहा आठवड्यांनी तीच पुन्हा भरून घेतली की आपण पुढे सरकतोय की नुसत्या गप्पा मारतोय ते दोघांनाही दिसतं.

थकवा आणि विसराळूपणा फार असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून यायला सांगते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही, आणि ते मनाच्या खात्यावर मांडून सहा महिने घालवण्यात अर्थ नाही.

५. फी किती, आणि किती वेळा यावं लागतं?

भेटीचे १,२०० रुपये, विद्यार्थ्यांना ६००. बहुतेकांना सहा ते बारा भेटी पुरतात. करिअरचा सरळ प्रश्न तीन-चार भेटींत मार्गी लागतो. तेवढे पैसे नसतील तर तसं सांगा, लाजू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांची ओपीडी असते, आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. "मनोरुग्णालय" शब्दाने दचकू नका, बाह्यरुग्ण विभागात तुमच्या-आमच्यासारखीच माणसं रांगेत असतात.

६. आम्हाला बाकी काही नको. फक्त ॲप्टिट्यूड टेस्ट करून रिपोर्ट द्याल का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, मे-जूनमध्ये दिवसाला चार. उत्तर: नुसता रिपोर्ट देत नाही.

चाचण्या वाईट नाहीत. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींची सांगड घाला, हा विचार अमेरिकेत बोस्टनच्या फ्रँक पार्सन्स यांचा. त्यांचं पुस्तक १९०९ सालचं. पुढे जॉन हॉलंड यांनी माणसांच्या कलाचे सहा गट पाडले: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन विकणारे-पटवणारे, आणि नोंदी-नियम नीट ठेवणारे. आपल्या राज्य मंडळानेही दहावीच्या मुलांची कलचाचणी काही वर्षं घेतली. हे सगळं उपयोगाचं आहे, पण कल म्हणजे आवड, अभियोग्यता म्हणजे कुवत, आणि दोन्ही मोजले गेले त्या दिवशी मूल कसं होतं ही तिसरी गोष्ट. ती रिपोर्टात छापलेली नसते.

ही तिसरी गोष्ट मी चूक करून शिकले. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी एका अकरावीतल्या मुलीची चाचणी घेतली. आकड्यांची आणि वेगाची कुवत सरासरीच्या बरीच खाली. मी वडिलांना सांगितलं, सायन्स झेपणार नाही, आर्ट्सला घाला. चार महिन्यांनी आई भेटली. मुलगी तेव्हा खोल नैराश्यात होती, रात्री तीन तास झोपायची, आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. नैराश्यात विचारांचा वेग मंदावतो, लक्ष टिकत नाही. वेळ लावून घेतलेली चाचणी त्यात पडणारच. उपचारांनंतर तिने दुसरीकडे तीच चाचणी दिली, आकडे वर आले. तोवर तिची शाखा बदलून झाली होती. तेव्हापासून माझ्याकडे चाचणी दुसऱ्या भेटीआधी होत नाही.

७. मुलगा दहावीत आहे, त्याला यायचंच नाही. उचलून आणू का?

नको. दारापर्यंत आणाल, तोंड कसं उघडाल? आधी तुम्ही दोघं या. निम्म्या वेळी तिथेच काहीतरी सुटतं. मुलाला "तुला दाखवायला नेतोय" म्हणू नका, "आम्हाला तुझ्याशी बोलायला जमत नाहीये, ते शिकायला जातोय, तूही ये" म्हणा. खरंही तेच असतं.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घेते, पण भेटीत काय बोललं ते पालकांना सांगत नाही. कधी सांगावं लागतं ते प्रश्न १२ मध्ये. आणि आल्याआल्या "मॅडम, याला जरा समजावा" म्हणू नका. ते ऐकलं की मी तुमच्या बाजूची झाले, आणि मग तो पोरगा तासभर नखं बघत बसतो.

८. पाच वर्षं एमपीएससी करतोय. दोनदा मुख्य दिली. थांबू का अजून एक द्यावी?

आमची खोली सदाशिव पेठेत, त्यामुळे हा प्रश्न अक्षरशः खालच्या चहाच्या टपरीवरून वर येतो. "थांब" किंवा "दे" हे मी सांगणार नाही. पण तीन गोष्टी आपण कागदावर मांडू.

एक, तारीख कुणी ठरवायची? यूपीएससीत खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि ३२ वर्षं; व्यवस्थाच दार लावून घेते. राज्यसेवेत खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. दार उघडं राहतं, म्हणून थांबायची तारीख स्वतःला लिहावी लागते. ती निकालाच्या रात्री लिहायची नसते, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही नाही.

दोन, तुझं काय चुकलं आणि काय तुझ्या हातातच नव्हतं. २०२१ च्या मार्चमध्ये पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली तेव्हा नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली होती. २०२३ मध्ये वर्णनात्मक पद्धतीवरून आंदोलन झालं आणि तो बदल २०२५ वर गेला. ज्याने चार वर्षं पर्यायांवर गोल काळे केले त्याला आता पानं भरायची आहेत. यात जे हुकलं ते सगळं "माझीच लायकी नाही" या एका वाक्यात कोंबू नकोस.

तीन, पाच वर्षांत काय कमावलंस? मुलं म्हणतात, काहीच नाही. मग मी विचारते, अभ्यासिकेत किती तास बसायचास, नोट्स कशा काढायचास, ज्युनिअर पोरांना पॉलिटी, म्हणजे राज्यव्यवस्था, कोण शिकवायचं? एकाने अशी यादी करताना पान उलटलं आणि मागच्या बाजूवर गेला. तो आज कंटेंटचं काम करतो आणि पगार मिळवतो. दुसरा आणखी एक प्रयत्न देऊन एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक, झाला. तिसरा गावी जाऊन वडिलांची द्राक्षबाग बघतो आणि कुणाचे फोन घेत नाही. त्याचं काय चाललंय याची मला अजून काळजी आहे.

गावी काय तोंड दाखवू, हा खरा चौथा मुद्दा. त्यावर एक अख्खी भेट लागते.

९. आयटीत आहे, बर्नआउट झालंय. राजीनामा टाकू का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार धरलेला नाही. कामाच्या ठिकाणी ताण साचत गेल्याने होणारी अवस्था म्हणून त्याची नोंद आहे, खुणा तीन: गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. नैराश्य वेगळं. माझा घरगुती ठोकताळा: आठ दिवस कोकणात जाऊन या. समुद्रावर बरं वाटलं आणि परतीच्या घाटात पोटात गोळा आला, तर कामाकडे बघू. समुद्रही बेचव लागला, सोलकढीही, तर आधी मनाकडे बघू. ठोकताळाच आहे, निदान समजू नका.

प्रश्न ३ मधल्या नियमाचा अपवाद इथे. ऑफिसात छळ चालू असेल, लैंगिक त्रास असेल, रात्री-बेरात्री धमक्यांचे फोन येत असतील, तर "मन स्थिर झाल्यावर ठरवू" असं मी म्हणणार नाही. जखम करणारी वस्तू आधी बाजूला करायची. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तक्रार लिहायला मी सोबत बसते. बाकी सगळ्यांनी नोटीस पीरियड, ईएमआय आणि हातातली शिल्लक यांचा हिशेब घेऊन यावं. जुनी बँकवाली आहे मी, तो आधी मांडायला लावते.

१०. तुम्ही कुठली पद्धत वापरता? नुसतं ऐकून घेता का?

ऐकणं मोठं काम आहे, पण तेवढंच नाही. माझा मुख्य आधार विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आरईबीटी. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली आणि महाराष्ट्रात ती चांगली रुजली. घटना आपल्याला जेवढी पाडते, त्याहून जास्त घटनेबद्दलचा आपला हट्ट पाडतो, असं तिचं म्हणणं. मराठीत हा हट्ट एका अक्षरात पकडता येतो: "च". मी वही देते आणि सांगते, डोक्यात घोळणारं वाक्य जसंच्या तसं लिही. "मला या वर्षी पास व्हायलाच पाहिजे." मग "च" भोवती गोल काढायला लावते आणि तो खोडून वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला. इच्छा तशीच राहते, गळ्याभोवतीचा फास सैल होतो. एका मुलीने असे एका पानावर १४ "च" शोधले आणि हसायलाच लागली. (हा पंधरावा.)

पण उपाशी माणसाला, मार खाणाऱ्या बाईला "तुझा विचार बदल" सांगणं हा निर्लज्जपणा आहे. तिथे ही वही मी काढत नाही.

११. गोळ्या घ्याव्या लागतील का? सवय लागते म्हणतात.

सगळ्यांना लागत नाहीत. झोप-जेवण कोसळलंय, कामं थांबलीत, मरणाचे विचार येतात, भास होतात किंवा चार-सहा आठवडे बोलून काडीचा फरक नाही, अशा वेळी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत "काही होत नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटल्यावर एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागू शकते. त्या शेजारच्या काकूंच्या डब्यातून घ्यायच्या नसतात.

१२. मी सांगितलेलं घरी किंवा ऑफिसात कळेल का?

नाही. नवऱ्याने फोन करून "ती येते का तुमच्याकडे?" विचारलं तरी मी हो किंवा नाही म्हणत नाही. कंपनी पैसे भरत असेल तरी तिला भेटींची संख्या कळते, मजकूर नाही.

तीन अपवाद पहिल्याच भेटीत सांगते. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर घरच्या एका माणसाला सांगेन, शक्यतो तुमच्यासमोर. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे माझी मर्जी चालत नाही. आणि न्यायालयाने आदेश दिला तर.

१३. पुढे लग्नात, नोकरीत, विम्यात हे आडवं येईल का?

समुपदेशकांकडच्या भेटींची सरकारी यादी कुठे नसते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायचं आहे. विमा घेताना चालू आजार आणि औषधं मात्र लपवू नका, दावा अडकतो.

लग्नाचं वेगळं. परीक्षेच्या काळात चार भेटी घेतल्या होत्या हे स्थळाला सांगायची गरज मला वाटत नाही. वर्षानुवर्षं औषधं चालू असतील तर जोडीदाराला आधी सांगावं, असं माझं मत. कसं सांगायचं याची तालीम आपण करू शकतो. घरच्यांना "मुलीला काही सांगू नका" असं हवं असेल तर त्या नाटकात मी नाही.

१४. रात्रीचे दोन वाजलेत. मला जगायचं नाही. कुणाशी बोलू?

टेली मानस, नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. आणि शेजारच्या खोलीतल्या, शेजारच्या कॉटवरच्या माणसाला आत्ता उठवा, "माझ्याजवळ बस" एवढंच म्हणा. मला मेसेज करून उत्तराची वाट बघू नका, मी रात्री फोन बंद ठेवते.

मित्राने असं काही सांगितलं तर थेट विचारा: मरायचे विचार येतात का? विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. आणि प्रयत्न केला तर पोलीस पकडतील ही भीती बाळगून दवाखाना टाळू नका. प्रश्न १३ मधल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानलं आहे, त्याला शिक्षेची नाही, उपचारांची सोय करायची आहे.

१५. मी न्यू जर्सीत असते. ऑनलाइन मराठीत बोलता येईल का?

करिअरबद्दल, हो. परत यायचं का, व्हिसा गेला तर काय, दहा वर्षांच्या गॅपनंतर कुठून सुरू करू, हे खुशाल बोलू. उपचार मात्र नाही, कारण अमेरिकेत त्या-त्या राज्याचा परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही. अडचणीच्या रात्री तिथला माणूस हवा, इथे तेव्हा दुपार असते. आणि आई-बाबांनी कोथरूडमधून म्युनिकच्या मुलाच्या वतीने वेळ घेऊ नये. तसं दोनदा झालंय, मुलाला पत्ताच नव्हता.

१६. पत्रिकेत ३१ नंतर सरकारी नोकरीचा योग आहे. तोपर्यंत थांबू का?

पत्रिका मला वाचता येत नाही, त्यामुळे खोडूनही काढत नाही. योग येईपर्यंत खोलीचं भाडं कोण भरणार, एवढं विचारते.

१७. मी तुमच्या नणंदेच्या मैत्रिणीची मुलगी. ओळखीत जरा लवकर वेळ मिळेल?

ओळखीतलं कुणी मी घेत नाही. उद्या एखाद्या बारशाला समोरासमोर आलो तर तुम्ही मोकळेपणी पुरणपोळी खाणार नाही आणि मीही. दुसऱ्या दोन जणांची नावं देते.

१८. निकाल लागला! काहीतरी आणायचं होतं, काय आवडतं तुम्हाला?

भेटवस्तू नको, साडी तर मुळीच नको. पेढे चालतात. नापास झालेल्यांनीही आणलेत, एकाने तर राजीनामा दिल्याचे आणले होते. मला शुगर असल्याने मी अर्धा घेते, बाकीचा पुडा खाली वॉचमन काकांकडे जातो. तेच विचारतात, "आज कुणाचे?" आणि मी सांगत नाही.